इंदुरात घरी काय गोड करावं? ऋतू, सण आणि हवा बघून

तूपसाखर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इंदुरात राहून घरी गोडाचं करते म्हटलं की ऐकावं लागतं, "कशाला गं, सराफा आहे ना!" आहेच. दागिन्यांची दुकानं बंद झाल्यावर त्यांच्याच ओट्यांपुढे रात्री जे सुरू होतं, त्यापुढे आपल्या कढईचा काय पाड? मावाबाटी, रबडी, तो ताटभर जलेबा, तुपात थबथबलेला मुगाचा हलवा, यातलं काहीही मी घरी करत नाही. मोठी भट्टी आणि दिवसभर दूध आटवत बसणारा माणूस, दोन्ही माझ्याकडे नाहीत.

पण गुळपोळी सराफ्यात नाही. दिंड नाहीत. साटोऱ्या, अनारसे, नारळीभात नाही. मिळालेच तर कुठल्या तरी गृहउद्योगाच्या प्लास्टिकच्या डब्यात, आणि ते कधीचे असतात देव जाणे. म्हणून माझा हिशोब सरळ आहे. बाजार जे आपल्यापेक्षा चांगलं करतो ते बाजारातून आणावं. उरलेलं घरी करावं, तेही त्या महिन्याची हवा आणि मंडी बघून.

सुरुवात संक्रांतीपासून करते. आपल्याकडे जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास, कधी त्याच्याही खाली. वर मावठा (थंडीतला पाऊस) पडला तर विचारूच नका. अशा गारठ्यात गुळपोळीचा गूळ दगड होतो आणि पारी मात्र मऊ राहते. लाटायला घेतली की पारी पुढे पळते, गूळ मध्येच बसून राहतो, कडा कोरड्या. नाहीतर गुळातली एखादी गाठ पारी फाडून तव्यावर उतरते आणि घरभर करपल्याचा वास.

माझी पद्धत अशी. मऊ पिवळा गूळ (चिक्कीचा अजिबात नको) आदल्या दिवशी किसायचा. त्यात भाजलेल्या तिळाचं कूट, तेलात खमंग भाजलेलं बेसन, खसखस, भाजलेलं सुकं खोबरं, वेलची-जायफळ घालून मळून ठेवायचं. पोळ्या करायच्या वेळी ते पातेलं कोमट पाण्याच्या परातीत ठेवायचं आणि गूळ पुन्हा मळायचा, कानाच्या पाळीइतका मऊ होईस्तोवर. पारीसाठी कणकेत थोडं बेसन, कडकडीत तेलाचं मोहन, आणि ती मात्र घट्ट भिजवायची. पारी आणि गूळ सारखेच मऊ झाले की लाटताना गूळ आपोआप कडेपर्यंत जातो. दोन छोट्या पाऱ्या, मध्ये गुळाची चपटी गोळी, कडा दाबून तांदळाच्या पिठीवर लाटायची. आंच मंद. तव्यावरून उतरली की कागदावर एकेकटी पसरायची. गरम असताना चळत लावली तर मऊ पडते आणि मग ती गुळपोळी राहत नाही. प्रत्येक पोळीनंतर तवा फडक्याने पुसून घ्यायचा, कारण सांडलेला गूळ पुढच्या पोळीला काळे डाग देतो.

आता माझा प्रश्न. यंदा, २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठ आहे. १७ मे ते १५ जून. म्हणजे ऐन नवतपा, मेअखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस! लेकीचा पहिला धोंड्याचा महिना, जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं आहे. मागचा अधिक महिना २०२३ मध्ये श्रावणात आला होता, तेव्हा तांदूळ वाळेनात म्हणून सगळ्या रडत होत्या. यंदा उलटंच होणार. भर उन्हाळ्यात अनारसे केलेत कुणी?

रामबागी

पहिला नंबर माझा. एरवी लोक इथे नुसत्या जिलब्या पाडतात, अनारशांचा धागा बघून बरं वाटलं. बसतो इथेच, पोहे घेऊन.

खमंगकाकू

तूपसाखर, अनारसे उन्हाळ्यात छान होतात, फक्त घड्याळ बदलावं लागतं. "तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला" हे सगळीकडे लिहिलेलं असतं ते दिवाळीच्या हवेचं आहे. बेचाळीस अंशांत तीन दिवस ठेवशील तर तांदूळ कुबट वास धरतील. मेमध्ये पाणी सकाळ-संध्याकाळ बदल, आणि दुसऱ्या रात्रीपासूनच दाणा चिमटीत धरून बघायला लाग. सहज चुरला आणि वास नुसता आंबूस असला की झाले. तिसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

तांदूळ जुना आणि मोकळा होणारा घे. नवा तांदूळ नको, चिकट तर नकोच. कालीमूँछसारखा वासाचा तांदूळ यात घालून वाया घालवू नकोस, तो भाताला ठेव.

खरी मेख वाळवण्यात आहे. दिवाळीत सुती धोतरावर सावलीत पसरले की तासभर तरी लागतो. मेच्या कोरड्या हवेत, त्यात डोक्यावर पंखा, तांदूळ बघता बघता खडखडीत होतात. तसे झाले तर पीठ दळलं जाईल, पण त्यात ओल नसेल. ओल नसली की गूळ विरघळून पिठात मुरत नाही, आणि मुरला नाही की जाळी पडत नाही. अनारसा तुपात नुसता पुरीसारखा बसून राहतो. पंखा बंद ठेव, दारं लावून घे आणि तिथून हलू नकोस. तांदळाची मूठ वळून बघ. हात ओलसर वाटला पाहिजे, पण तळव्याला पाणी लागता कामा नये. त्याच क्षणी मिक्सरला लाव, बारीक चाळणीने चाळ, वर राहिलेला चाळ पुन्हा फिरव. चाळलेलं पीठही उघडं ठेवू नकोस, इथली हवा तेही सुकवते.

वाटीभर पिठाला वाटीभर किसलेला गूळ म्हणतात, मी पाऊण घालते. चमचाभर तूप घालून कालव, घट्ट गोळे करून डब्यात दाबून भर. दिवाळीत हा डबा चार-पाच दिवस ओट्यावर असतो. मेमध्ये दोन दिवस बाहेर, मग फ्रीजमध्ये. तिथे ते पीठ महिना-दोन महिने आरामात राहतं. म्हणजे १७ तारखेची वाट न बघता आत्ताच, ऊन अजून बरं आहे तोवर करून ठेव.

तळताना खसखशीवर थापायचा आणि खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा. उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. काढल्यावर चाळणीत उभे ठेवायचे, आडवे ठेवलेस तर तूप आत जिरतं.

पुण्याची_सून

काकू, _/\_. वाचनखूण साठवली.

अभ्या_सुदामानगर

गुळपोळी, अनारसे ठीक, पण थंडीत गजक घरी होते का? बायको म्हणते चिक्कीच तर आहे, लाटायची फक्त पातळ.

ग्वाल्हेरकर

अभ्या, वहिनींना सांगा, तो नाद सोडा. मी ग्वाल्हेरचा, मुरैना आमच्या शेजारी. (तिथल्या गजकेला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.) चिक्कीत चाशनीत तीळ घालून लाटलं की काम संपतं. गजकेची चाशनी गोळीबंद झाल्यावर खुंटीला अडकवून ओढतात, दुमडतात, परत ओढतात. ओढता ओढता आत हवा भरते आणि गुळाचा रंग फिका पडत जातो. मग भाजलेल्या तिळांबरोबर लाकडी मोगऱ्यांनी कुटतात. दोन-तीन माणसं एका तालात कुटत असतात. त्या ओढण्या-कुटण्यातून पदर सुटतात, म्हणून ती तोंडात विरघळते. फ्लॅटमध्ये हे केलं तर खालचे वर येतील.

तूपसाखर यांचा नियमच इथे लागू. गजक बाजारातून, तिळाचे लाडू घरात.

रामबागी

तिळाच्या लाडवांवरून आठवलं. खजराण्याच्या गणपतीला तिळी चतुर्थीला सव्वा लाख लाडवांचा नैवेद्य असतो. त्या आठवड्यात तिळाचा भाव विचारायचा नाही. तीळ सियागंजाच्या घाऊक बाजारातून डिसेंबरातच आणून ठेवावेत.

पुण्याची_सून

पाडव्याच्या श्रीखंडाबद्दल कुणी बोला की. माझ्या सासूबाई म्हणतात रात्रभर चक्का टांगायचा. इथे मार्च-एप्रिलमध्ये टांगला तर सकाळी आंबट ढाण. पुण्यात माहेरी असं होत नसे. शेवटी विकतचा चक्का आणते, घरात त्यावरून महाभारत.

खमंगकाकू

तुमच्या सासूबाईंच्या वेळी पाडव्याला इतकं तापायचं नाही, आणि घरात जाड भिंतींची माजघरं होती. त्यांचं चूक नाही, पण आता फ्लॅटच्या स्वयंपाकघरात तसं चालणार नाही. विरजण संध्याकाळी लावा, दही लागलं रे लागलं की फ्रीजमध्ये. फडक्यात बांधून दोन तास टांगा, म्हणजे पहिलं पाणी भराभर निघून जाईल. मग ती पुरचुंडी चाळणीत, चाळणी पातेल्यावर, वर ताटली आणि एखादं वजन, आणि सगळं रात्रभर फ्रीजमध्ये. आंबट होणार नाही. दूध म्हशीचं, साय न काढलेलं. लिटरला साधारण तीनशे-साडेतीनशे ग्रॅम चक्का पडतो.

साखर घातल्यावर लगेच पुरणयंत्रातून काढू नका. तासभर ठेवा. साखर चक्क्यातलं पाणी ओढून विरघळते, श्रीखंड सैल होतं, मग गाळायला त्रास नाही. म्हणूनच चक्का आधी कोरडाच हवा. सैल चक्क्यात साखर घातलीत तर पियूष तयार.

रामबागी

काकू, विकतच्या चक्क्याला काय झालं? धाग्याचाच नियम आहे ना, बाजार चांगलं करतो ते बाजारातून. इंदुरात दूधदुभत्याला कधी तोटा नव्हता. आपली ती दाट शिकंजी घ्या, मसाला घातलेलं आटीव दूध आणि मठ्ठा. ज्या गावात शिकंजी अशी मिळते तिथे चक्का वाईट मिळेल?

खमंगकाकू

चक्का वाईट नसतो रे, पण किती आंबट निघेल ते डबा उघडल्यावर कळतं. आंबट निघाला की माणूस साखर वाढवतो, मग ते श्रीखंड दोन चमच्यांपुढे जात नाही. घरच्या चक्क्याला वजनाच्या पाऊणपट साखर पुरते. तुला आणायचा तर आण, पण आधी चाखून.

रामबागी

मान्य. (अर्धवट.)

बडोदेकर

बडोद्याहून डोकावतोय. पुरणाचा विषय अजून कसा नाही निघाला? होळी होऊन गेली म्हणून? आमच्याकडे शेजारपाजारच्या वेढमीचा (गुजराती पुरणपोळी) परिणाम असा की कित्येक मराठी घरांत तुरीच्या डाळीचं पुरण होतं. चव हलकी लागते, पण कटाची आमटी मात्र हरभऱ्याच्याच डाळीची. इंदुरात गूळ की साखर?

तूपसाखर

निम्मं-निम्मं. नुसत्या गुळाचं पुरण सासरी चालतं, माहेरी नाही, म्हणून तह झालेला आहे. गूळ करेलीचा, नरसिंहपूर जिल्ह्यातला. कणकेला सीहोरचा शरबती गहू. आपल्या माळव्यात बाफल्यांसाठी (उकडून भाजलेले कणकेचे गोळे) जो कठिया गहू असतो तो पुरणपोळीला वापरू नये. रव्याला, लाडवाला उत्तम, पण त्याची कणीक ताणली जात नाही, पोळी फाटते. शरबतीची कणीक सैल भिजवून तेल-पाण्याच्या हाताने भरपूर तिंबली की अशी लांबते की दुप्पट पुरण भरता येतं.

एक गोष्ट नव्या मुलींसाठी. गूळ-साखर घातली की शिजलेली डाळ पातळ होते, घाबरू नका. आटवत राहा. उलथणं मध्ये उभं राहिलं की गॅस बंद.

निमाडवाला

अनारशांच्या गर्दीत आमच्या फळांची आठवण ठेवा. दिवाळीच्या सुमारास मंडीत सीताफळांच्या पाट्या येतात. रबडी बाजारातून आणा, गर घरी काढा, आणि गार रबडीत गार गर मिसळा. गर उकळायचा नाही. तापवला की कडवट होतो आणि दूध फाटायचीही भीती. बिया काढायला गर जाड चाळणीवर हाताने फिरवावा. मिक्सरची युक्ती सांगणाऱ्यांनी एकदा बी फुटलेला गर खाऊन बघावा.

उन्हाळ्यात अलीराजपूरच्या कठ्ठीवाड्याचा नूरजहाँ आंबा बातम्यांत झळकतो, दोन-तीन किलोचं एक फळ. तो फोटो काढायला. रसाला आपला केसर बरा, किंवा हापूस परवडेल तेवढा. वाटीभर रसात चमचाभर तूप आणि चिमूटभर सुंठ, बाकी काही नको. आमरसात दूध घालणारे लोक असतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

अभ्या_सुदामानगर

आम्ही दूध घालतो.

निमाडवाला

म्हटलं ना, वाद घालत नाही.

माळवी_मिरची

वडिलांना मधुमेह आहे. सणाला त्यांच्यासाठी सगळं गुळाचं करते, गूळ चालतो ना?

खमंगकाकू

नाही गं. गुळातही बहुतेक साखरच असते, रक्तातली साखर तोही वाढवतो. "गुळाचं आहे, खा" म्हणून दुप्पट खाल्लं जातं ते वेगळंच. किती चालेल ते डॉक्टरांना विचार. सणाला अर्धी पुरणपोळी आणि वर भरपूर कटाची आमटी, असं ताट वाढलंस तर त्यांना पंगतीतून उठवल्यासारखं वाटणार नाही.

पुण्याची_सून

श्रावणाचं काय? दिंड कुणी करतं का अजून?

तूपसाखर

आमच्याकडे दर नागपंचमीला. त्या दिवशी चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, तळायचं नाही, म्हणून सगळं वाफेवरचं. पुरीएवढी पारी लाटून मध्ये पुरण, चारी बाजूंनी पाकिटासारखी घडी, चाळणीला तूप लावून पंधरा मिनिटं वाफ. मोदकांपेक्षा सोपं, कळ्या काढायच्या नाहीत. पुरण आदल्या दिवशी करून ठेवते. वाफेवरून काढल्या काढल्या वर तुपाची धार हवी, नाहीतर पारी चिवट होते.

नारळीभाताला एकच पथ्य. तांदूळ लवंगांच्या फोडणीवर आधी पूर्ण शिजवा, मोकळा, आणि गार करा. मगच गूळ-खोबरं. गूळ लागला की भात पुढे शिजतच नाही, कच्चा राहिलेला दाणा कच्चाच राहतो, वर आणखी टणक होतो. आपल्याकडे नारळ दुरून येतात, तेव्हा हलवून पाणी ऐकल्याशिवाय घेऊ नका. डोळ्यांपाशी ओल किंवा बुरशी दिसली तर दुकानदार काहीही म्हणो, परत ठेवा.

रामबागी

कोजागिरीचं मसाला दूध, थंडीत लाल गाजराचा हलवा, डिंकाचे लाडू, रंगपंचमीला गुजिया... एवढं सगळं राहिलं.

तूपसाखर

गुजिया कोण करत बसणार? रंगपंचमीला सगळं घर राजवाड्यावर गेर (रंगांची मिरवणूक) बघायला जातं. होळीला केलेल्या नारळाच्या करंज्या तोवर टिकल्या तर त्याच. मावा घातलेलं काही त्या उन्हात पाच दिवस ठेवू नये.

अभ्या_सुदामानगर

मेथीच्या लाडवांचा कडूपणा कसा कमी करायचा ते तेवढं सांगा. थंडीत आई करते, आम्ही लपवून ठेवतो.

खमंगकाकू

मेथीचं पीठ तुपात कालवून चार-पाच दिवस झाकून ठेवायचं, मग लाडवात घालायचं. कडूपणा बराच उतरतो. सगळा जाणार नाही. आईने केलेत ना, खा गुपचूप.

माळवी_मिरची

काकू, अनारशांचं एक राहिलं. तुपात सोडला आणि हसला तर?

खमंगकाकू

हसला म्हणजे पिठात गूळ किंवा ओल जास्त झाली. तुपात सोडल्यावर भसाभसा पसरतो, तुकडे होतात. बाकीच्या गोळ्यात थोडी तांदळाची पिठी मिसळून तासभर ठेवायचं आणि पुन्हा एक टाकून बघायचा. आधी एकच टाक, चार एकदम नाही. तूप फार तापलं नसेल याचीही खात्री कर, पण फार थंड तुपातही तो विरघळतो. उलट झालं, म्हणजे घट्ट राहिला, जाळीच पडेना, तर गोळ्यात पिकलेल्या केळ्याचा छोटा तुकडा कुस्करून मळायचा. केळं सगळ्या पिठात घालायचं नाही, त्या दिवशी तळायचं तेवढ्याच गोळ्यात. केळं घातलेलं पीठ टिकत नाही.

तूपसाखर

काकू, तांदूळ आज भिजवले. पीठ फ्रीजमधून काढल्यावर लगेच थापायचं की आधी बाहेर ठेवायचं?

खमंगकाकू

आधी बाहेर. गार गोळा थापताना कडांना चिरा पडतात आणि त्या चिरांतूनच तो तुपात उकलतो. या हवेत अर्धा तास पुरे, पण झाकून, नाहीतर वरून सुकेल. आणि तेहतीस द्यायचे असतील तर चाळीसचं पीठ धर. पहिले दोन-तीन कढईची नाडी बघण्यात जातात, आणि चार घरातलेच उभ्या उभ्या उचलतात.